गव्हाचे पान, बुरशीची विकरे आणि बीजाणूंचे पीक

सेप्टोरिया करप्याने वाळलेले गव्हाचे पान भिंगाखाली धरले, तर पेंढ्याच्या रंगाच्या चट्ट्यात बारीक काळे ठिपके दिसतात. ते वाटेल तसे विखुरलेले नसतात. पाभरीने पेरल्यासारखे शिरांना समांतर, ओळीने बसलेले असतात. गव्हाच्या पानावरची पर्णरंध्रेच ओळीने असतात आणि प्रत्येक ठिपका एकेका पर्णरंध्राखालच्या पोकळीत वाढलेला असतो. हेच पान ओल्या टीपकागदावर, झाकलेल्या पेट्री डिशमध्ये रात्रभर ठेवले, तर सकाळी काही ठिपक्यांतून पांढुरका चिकट धागा बाहेर आलेला आढळतो. शेवयाच्या साच्यातून पीठ यावे तसा. त्या धाग्यात हजारो बीजाणू एकमेकांना चिकटून असतात. पाण्याचा थेंब लागला की चिकटा विरतो आणि बीजाणू सुटे होतात. शेतात हे काम पाऊस करतो. थेंबांच्या उडण्याबरोबर बीजाणू खालच्या पानावरून वरच्या पानावर चढत जातात.

हा काळा ठिपका म्हणजे पिक्निडियम, बुरशीचे बीजाणूंचे कोठार. पानात शिरलेली बुरशी काही विकरे, म्हणजे एन्झाइम, बाहेर सोडते आणि ती पानाच्या पेशीभित्तिका फोडतात, हे जुने ज्ञान आहे. या विकरांचा आणि त्या कोठारांच्या संख्येचा संबंध काय, यावर मात्र गेल्या दोन दशकांत बरेच काम होऊनही एकमत नाही. विकरे जास्त सोडणारी बुरशी जास्त बीजाणू देते का? देत असेल, तर विकरांमुळे देते की दोन्ही गोष्टी फक्त एकाच वेळी घडतात? हा वाद आज कुठवर आला आहे, ते येथे पाहू.

रोग आणि त्याचा कारक

या बुरशीचे वर्णन फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ देस्माझिएर यांच्या १८४२ च्या लेखनात ‘सेप्टोरिया ट्रिटिसी’ या नावाने आले. तिची लैंगिक अवस्था ओळखू यायला पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. ती १९७२ मध्ये न्यूझीलंडमध्ये सँडरसन यांनी नोंदवली आणि त्या अवस्थेच्या ‘मायकोस्फेरेला ग्रॅमिनिकोला’ या नावाने पुढचे बरेच संशोधन छापले गेले. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ‘झायमोसेप्टोरिया ट्रिटिसी’ हे नाव दिले. आज तेच रूढ आहे. जुने निबंध वाचताना ही तीन नावे एकाच जिवाची आहेत हे ध्यानात ठेवावे लागते.

पश्चिम युरोपातल्या थंड, ओलसर हवेत हा गव्हाचा सर्वांत चिंतेचा पानरोग मानला जातो. तिथे गव्हावर होणाऱ्या बुरशीनाशक फवारण्यांचा मोठा वाटा याच्यासाठीच असतो. या बुरशीने फवारण्यांना दाद न देण्याचे मार्गही लवकर शोधले. स्ट्रोबिल्युरिन गटाची औषधे २००० नंतरच्या काही वर्षांतच युरोपच्या बऱ्याच भागांत निकामी झाली. पेशीतल्या एका प्रथिनातला एकच घटक बदलला आणि औषधाचा काहीच परिणाम होईना. एका शेतात एका हंगामात कोट्यवधी बीजाणू तयार होत असतील, तर असा एखादा दुर्मिळ बदलही कुठेतरी उगवणारच आणि फवारणीच्या दबावाखाली फोफावणारच. बीजाणूंची संख्या म्हणूनच महत्त्वाची ठरते. किती पान वाळले यावर यंदाचे नुकसान ठरते. रोग पुढे किती पसरणार आणि औषधापुढे किती टिकणार, हे बीजाणूंवर ठरते.

महाराष्ट्रात गहू कोरड्या रब्बी हवेत येतो आणि पाने तासन्‌तास ओली राहत नाहीत, त्यामुळे हा करपा इथे डोकेदुखीचा नाही. आपला जुना शत्रू तांबेरा, म्हणजे गेरवा. त्यासाठी महाबळेश्वरला स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. तांबेऱ्याचा उल्लेख मुद्दाम केला, कारण पुढे या वादात तो एक महत्त्वाची साक्ष देणार आहे.

पानाच्या आत काय घडते

ही बुरशी पानाची कातडी फोडत नाही. तिचा बीजाणू पानावर रुजतो, त्याचा तंतू पर्णरंध्र शोधतो आणि उघड्या दारातून आत जातो. नंतर आठ-दहा दिवस, शेतात थंडी असेल तर त्याहून पुष्कळ जास्त, पान हिरवेगार राहते. तंतू पेशींच्या मधल्या फटींतून हळूहळू वाढतात. ते पेशीच्या आत कधीच शिरत नाहीत. मग अचानक, एक-दोन दिवसांत, पेशी कोसळतात, चट्टा पिवळा पडून वाळतो, बुरशीची वाढ झपाट्याने होते आणि पर्णरंध्रांखाली पिक्निडिया आकार घेऊ लागतात.

या शांत काळाला नाव काय द्यावे, यावरही मतभेद आहेत. काहींच्या मते ही बुरशी आधी जिवंत पेशींवर जगते आणि मग त्यांना मारते. काहींच्या मते ती पहिल्या टप्प्यात पानाकडून फारसे काही घेतच नाही, नुसती दबा धरून असते. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्राने २०१५ मध्ये संसर्गाच्या सगळ्या टप्प्यांवरची जनुके आणि चयापचयातले पदार्थ एकत्र मोजले. सुरुवातीची वाढ बुरशी मुख्यतः स्वतःजवळच्या चरबीच्या साठ्यावर करते, अशी चिन्हे त्यात मिळाली. पानातले अन्न तिला मोठ्या प्रमाणात मिळते ते पेशी कोसळताना. म्हणजे बीजाणूंचे पीक ज्या शिदोरीवर उभे राहते, ती शिदोरी उशिरा येते.

मोजायचे कसे

पुढचे वाद समजण्यासाठी मोजमापाची पद्धत थोडी जवळून पाहिली पाहिजे. गवतवर्गीय वनस्पतींची पेशीभित्तिका म्हणजे सेल्युलोजचे दोर आणि त्यांना बांधून ठेवणारे झायलनचे जाळे. टोमॅटो-वांग्याच्या भिंतीत पेक्टिन भरपूर असते, गव्हाच्या भिंतीत ते थोडेच. म्हणून गव्हाच्या रोगात झायलन तोडणाऱ्या झायलनेज विकराकडे सगळ्यांचे लक्ष असते.

सर्वांत प्रचलित चाचणी १९५९ मध्ये मिलर यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीवर आधारलेली आहे. रोगट पान थंड द्रावणात वाटून गाळायचे, त्या अर्कात झायलन मिसळून ठरावीक वेळ कोमट ठेवायचे, मग डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल घालून नळी उकळत्या पाण्यात धरायची. झायलन तुटून साखर सुटली असेल तर पिवळे द्रावण बघता बघता विटकरी होते. रंग जितका गडद, तितके विकर कामसू. ५४० नॅनोमीटरवर तो रंग मोजला की आकडा हाती येतो. बीजाणू मोजण्यासाठी पान पाण्यात हलवून, त्या पाण्याचा थेंब चौकटी आखलेल्या काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजदाद करायची, किंवा सरळ पिक्निडिया मोजायची.

पद्धत साधी आहे, पण तिच्यात दोन खाचा आहेत. मरत्या पानातून साखर अशीही सुटत असते आणि गव्हाची स्वतःची विकरेही त्या अर्कात असतात, म्हणून निरोगी पानाचा अर्क शेजारी ठेवल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो. दुसरी खाच अधिक खोल आहे. प्रयोगशाळेतल्या खाद्यावर ही बुरशी यीस्टसारखी कळ्या फुटून वाढते. तिथे मोजलेले ‘बीजाणू’ म्हणजे या कळ्या. पिक्निडियम ही वेगळी, पानात घडणारी रचना आहे. माझ्या मते या विषयातला बराच गोंधळ या दोन गोष्टी एकाच शब्दाने ओळखल्यामुळे झाला आहे. खाद्यावरच्या कळ्यांची संख्या आणि विकरांचे प्रमाण यांची जोडी जमली, म्हणून पानातल्या कोठारांबद्दल काही सिद्ध होत नाही.

विकरांच्या बाजूने

विकरांना मध्यवर्ती मानणारी मांडणी मुख्यतः उत्तर फ्रान्समधल्या गटाच्या कामावर उभी आहे. २००७ मध्ये या गटाने बुरशीच्या निरनिराळ्या नमुन्यांची रोगक्षमता आणि त्यांनी खाद्यात सोडलेली विकरे यांची तुलना करून झायलनेज आणि पेक्टिनवर काम करणारे पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज या दोहोंचे महत्त्व दाखवले. २०१० मध्ये पुढची पायरी आली. आता मोजणी खाद्यात न करता थेट पानात झाली आणि झायलनेजची क्रिया पान मरण्याच्या टप्प्याशी घट्ट जुळते असे दिसले. शांत काळात ती नगण्य असते आणि चट्टे पडू लागले की वर चढते.

या मांडणीतला तर्क सरळ आहे. भिंती फुटल्या की साखर सुटते, साखरेवर तंतू वाढतात आणि वाढलेले तंतू कोठारे बांधतात. पिक्निडियमला पोकळीत जागा हवी असते, आणि भोवतीच्या भिंती मऊ झाल्या तर ती जागाही मिळते. विकर रोखले तर बीजाणूही रोखले जातील, ही व्यावहारिक आशा यातूनच येते.

जीनोमने घातलेला पेच

२०११ मध्ये या बुरशीचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. सुमारे ३ कोटी ९७ लाख अक्षरे आणि २१ गुणसूत्रे, त्यांतली ८ नसली तरी बुरशीचे चालते. ही गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. आपल्या प्रश्नाला धक्का देणारे निरीक्षण दुसरेच होते. पेशीभित्तिका तोडणाऱ्या विकरांची जनुके या बुरशीत इतर पानरोग बुरशींच्या मानाने कमी निघाली. संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला की भिंतीचे तुकडे पडले की वनस्पतीला चाहूल लागते, म्हणून या बुरशीने उत्क्रांतीत मोडतोड कमी केली आणि चोरपावलांनी राहणे पसंत केले. स्वतःच्या भिंतीतल्या कायटिनचा माग वनस्पतीला लागू नये म्हणून ती झाकण घालणारी प्रथिनेही सोडते, हे त्याच वर्षी दाखवले गेले.

जनुके कमी असली म्हणून विकरांचे काम कमी होते असे मात्र नाही. २०१३ मध्ये झुरिकच्या गटाने भित्तिका तोडणाऱ्या विकरांची जनुके निरनिराळ्या टप्प्यांवर तपासली. जिवंत पानात, मरत्या पानात आणि मेलेल्या काडात वेगवेगळे संच चालू होतात असे त्यांना आढळले. ‘विकरे’ हा एकच गठ्ठा मानून केलेली चर्चा तेव्हापासून अपुरी ठरली.

पान मारते कोण?

विकरकेंद्री मांडणीत गृहीत धरलेली एक गोष्ट म्हणजे पेशी भिंती फुटल्यामुळे मरतात. रॉथॅमस्टेडच्या २००७ च्या कामाने तिच्यावर प्रश्नचिन्ह उभे केले. चट्टा पडताना गव्हाच्या पेशींत जी लक्षणे दिसली ती आत्मनाशाची होती. पेशी स्वतःचा डीएनए ठरावीक पद्धतीने तोडत होत्या. म्हणजे बुरशीने बाहेरून भिंत पाडली नाही, तर पेशीच्या आतल्या मरणाच्या कळीला हात लावला. पेशी मेली की आतले अन्न आपोआप फटींत झिरपते. मग भिंती तोडण्याची घाई कशाला?

विकरांच्या बाजूनेही यावर उत्तर आहे. विकर हे नेहमी कात्रीच असते असे नाही. राखाडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, हिच्या एका झायलनेजबद्दल दाखवले गेले आहे की त्याची तोडण्याची शक्ती काढून घेतली तरी ते वनस्पतीच्या पेशी मारते. त्याचा आकारच वनस्पतीला धोक्याची खूण वाटतो. गव्हाच्या करप्यातही झायलनेज असेच काम करत असेल, तर विकर आणि आत्मनाश या दोन कल्पना परस्परविरोधी राहत नाहीत. ही शक्यता मला मोलाची वाटते. झायमोसेप्टोरियात तिला अजून तितका थेट आधार मिळालेला नाही.

जनुक काढून टाकण्याचे प्रयोग निर्णायक ठरायला हवे होते, पण तेही पेचात टाकतात. मक्यावरच्या कॉक्लिओबोलस कार्बोनम या बुरशीवर अमेरिकेत मिशिगनच्या वॉल्टन गटाने १९९० पासून एकेक विकराचे जनुक काढून पाहिले. एक काढले तर रोगात फरक पडत नाही, कारण जागा भरून काढायला भाऊबंद हजर असतात. २००० मध्ये त्यांनी सगळ्या विकरांवर देखरेख करणारे एसएनएफ-१ हे नियामक जनुक काढले. विकरे एकदम घसरली आणि रोगही घसरला. मात्र असे नियामक जनुक विकरांखेरीज बुरशीचे इतरही व्यवहार सांभाळते. रोग घसरण्याचे श्रेय विकरांना द्यायचे की त्या इतर बिघाडांना, हे त्यातून सुटत नाही.

चट्टा वेगळा, पीक वेगळे

या वादातला सर्वांत बोलका पुरावा मला नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनच्या २००६ च्या प्रयोगात दिसतो. मेहराबी आणि केमा यांनी या बुरशीतल्या पीकेए या संदेशयंत्रणेचे एक जनुक निकामी केले. बुरशी रुजली, पर्णरंध्रातून आत गेली, पानभर पसरली. पण पिक्निडिया झालीच नाहीत. म्हणजे पानात वाढणे आणि बीजाणू पिकवणे ही दोन कामे सुटी होऊ शकतात. अन्न मिळूनही कोठार न बांधणारी बुरशी असू शकते.

शेतातूनही हेच उमटले. झुरिकच्या संशोधकांनी युरोपातल्या गव्हाच्या ३३५ वाणांची पाने स्कॅन करून संगणकाकडून चट्ट्यांचे क्षेत्र आणि त्यांतली पिक्निडिया स्वतंत्रपणे मोजली. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चट्टे मोठे पण कोठारे विरळ असे वाण निघाले, तसेच चट्टे लहान पण कोठारे दाट असेही निघाले. हंगामाच्या सुरुवातीला मोजलेली पिक्निडियांची दाटी पुढच्या रोगाचा अंदाज चट्ट्याच्या आकारापेक्षा चांगला देते, असेही दिसले. शेतात डोळ्याने ‘किती टक्के पान वाळले’ एवढेच नोंदवण्याची जुनी सवय यामुळे अपुरी ठरते.

आणि इथे तांबेऱ्याची साक्ष. तांबेऱ्याची बुरशी पान मारत नाही. जिवंत पेशीत चूषक रोवून अन्न ओढते आणि हिरव्या पानावर आठ-दहा दिवसांत नारिंगी बीजाणूंचे फोड उठवते. पांढऱ्या सदऱ्याने गव्हातून चालत गेले तर सदरा रंगतो, इतके बीजाणू. भित्तिका तोडणारी विकरे तिच्याकडे मोजकीच. तेव्हा भरघोस बीजाणूंसाठी भिंतींची मोडतोड लागतेच, असे सर्वसाधारण विधान करता येत नाही. पण तांबेऱ्याकडे चूषक आहेत, करप्याच्या बुरशीकडे नाहीत. तिला पेशीबाहेर जे सांडेल त्यावरच भागवायचे असते. म्हणून या साक्षीवरून विकरांची बाजू पूर्ण खोडता येत नाही.

तिसरी एक शक्यता या दोन बाजूंमध्ये दबून जाते. बऱ्याच बुरशींमध्ये सोपी साखर संपली की भित्तिका तोडणारी विकरे चालू होतात, आणि अन्नाची टंचाई हाच बीजाणू तयार करण्याचाही इशारा असतो. पानातली सुटी साखर ओसरण्याचा एकच क्षण दोन्ही गोष्टी सुरू करत असेल, तर विकर आणि बीजाणू यांचे आकडे नेहमी जुळतील आणि तरीही एकामुळे दुसरे घडत नसेल. केवळ सहसंबंध दाखवणारे कितीही अभ्यास झाले, तरी ही शक्यता त्यांतून बाद होत नाही.

गव्हाची बाजू

गव्हाला हा झगडा नवा नाही. गव्हाच्या दाण्यातच बुरशीच्या झायलनेजला अडवणारी प्रथिने असतात. टॅक्सी आणि झिप या नावांनी ती १९९० च्या दशकाअखेर ओळखली गेली. पेक्टिन तोडणाऱ्या विकरांना अडवणारी प्रथिनेही वनस्पतींत असतात. घेवड्यातले असे एक प्रथिन गव्हात आणल्यावर बायपोलॅरिस सोरोकिनिआना या बुरशीचा रोग कमी झाला, असे इटलीतल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. ही बुरशी आपल्या उपखंडाच्या जिव्हाळ्याची आहे. पूर्व उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, नेपाळची तराई आणि बांगलादेश या उष्ण-दमट पट्ट्यात गव्हाच्या पानांवर तपकिरी ठिपके पाडून ती पीक घटवते.

इटलीतल्या त्या प्रयोगात पेक्टिनचे विकर रोखून रोग घटला. पण गव्हात पेक्टिन थोडे असूनही तो का घटावा, आणि चट्टे घटले तसे चट्ट्यामागचे बीजाणूही घटले का, या प्रश्नांकडे या दिशेच्या पुढच्या प्रयोगांनी मुद्दाम पाहायला हवे. पूर्वेकडच्या शेतकऱ्यासाठी दुसरा प्रश्न अधिक निकडीचा आहे, कारण तिथे रोग एका हंगामात पुन्हा पुन्हा फेरे घेतो.

काय उरले आहे

झायमोसेप्टोरियात झायलनेजची सगळी जनुके एकत्र बंद करून, त्याच पानावर चट्ट्याचे क्षेत्र, पिक्निडियांची दाटी आणि प्रत्येक पिक्निडियातले बीजाणू ही तीन मापे वेगवेगळी घेतली गेली, तर कोणती बाजू किती बरोबर हे बरेच स्पष्ट होईल. जनुके नेमकेपणाने कापण्याची साधने आता आहेत. बुरशीच्या नमुन्यांचा प्रश्न त्याहून अवघड. जर्मनीतल्या कील गटाने दाखवले आहे की एकाच जातीचे नमुने एकाच गव्हात वेगवेगळ्या वेगाने आणि वेगवेगळ्या जनुकक्रमाने रोग घडवतात. एका नमुन्यावर मिळालेले उत्तर दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

आणि कापणीनंतरचे काड राहतेच. बुरशी मेलेल्या काडात पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. तिथेच दोन विरुद्ध नमुन्यांचे मीलन होते आणि तिथूनच वाऱ्यावर उडणारे लैंगिक बीजाणू पुढच्या हंगामाच्या कोवळ्या रोपांवर पहिला हल्ला करतात. काडात शोषायला जिवंत पेशी नाहीत, सांडलेली साखर कधीच संपलेली असते आणि उरते ती फक्त भिंत. भित्तिका तोडणाऱ्या विकरांचे खरे मोल कदाचित पानात नसून या काडात असेल. पण आजवरची बहुतेक मोजणी पान वाळले की थांबते.